मातीचे भिक्षापात्र, जपानी वाडगा आणि आपली उतरंड

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील 'बुरुड राजाचा कोट' नावाच्या टेकाडाचे उत्खनन केले. ते टेकाड म्हणजे प्राचीन स्तूप होता. स्तूपाच्या पोटात एक मोठी दगडी पेटी निघाली. पेटीत सात बुद्ध आणि मैत्रेय अशा आठ कांस्यमूर्ती होत्या आणि त्यांच्या मधोमध तांब्याचा करंडक होता. तांब्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक. सोन्याच्या करंडकात सोन्याची फुले होती आणि त्यांच्यासोबत मातीच्या भांड्याचे तेरा छोटे तुकडे होते. भगवानलाल यांच्या मते ते तथागत बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

एकात एक पाच करंडक, आणि त्या सगळ्यांनी मिळून जपलेली वस्तू कोणती, तर फुटलेल्या मातीच्या भांड्याच्या खापऱ्या. सोने इथे मातीची राखण करत होते. नालासोपारा २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते, आज ते पालघर जिल्ह्यात आहे.

शहापूर तालुक्यातल्या आसनगावला आम्ही काही जण हाताने मातीची कलात्मक भांडी घडवतो. वाडगे, चहाचे पेले, दिवे, फुलदाण्या. पद्धत काही अंशी जपानी, काही अंशी आपल्याकडची फार जुनी. काम पाहायला येणारे धम्मबांधव दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, मातीची भांडी आपल्याकडे गावोगाव होती, मग जपानचे कशाला? दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो. आपली मुले शिकली, पुढे गेली, आता पुन्हा चिखलात हात कशाला घालायचे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दोन्हींची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती एकत्रच मांडतो.

पात्र मातीचे का?

विनयपिटकात भिक्खूंना दोनच प्रकारच्या पात्रांची परवानगी आहे. एक लोखंडाचे, दुसरे मातीचे. सोने, चांदी, रत्ने, स्फटिक, कांसे, तांबे यांची पात्रे नाकारली आहेत. लाकडाचेही पात्र चालत नाही. त्यामागची कथा प्रसिद्ध आहे. राजगृहाच्या एका धनिकाने चंदनाचे पात्र उंच टांगून ठेवले आणि सिद्धी असेल त्याने ते काढून घ्यावे असे आव्हान दिले. पिंडोल भारद्वाजांनी चमत्कार करून ते मिळवले. बुद्धांनी त्यांची कानउघाडणी केली, पात्र फोडायला लावले आणि त्याची पूड भिक्खूंना अंजनासाठी वाटायला सांगितली.

दुसरा नियम आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो. पात्राला तडा गेला की सांधून वापरायचे. पाचपेक्षा कमी सांधे असलेले पात्र हातात असताना भिक्खूने नवे मागून घेतले, तर तो दोष ठरतो. म्हणजे भांडे फुटले म्हणून त्याची किंमत संपली असे धम्मपरंपरेने मानले नाही. सांधलेले भांडे हेच भिक्खूचे रोजचे भांडे होते.

कुंभार: कथेत आणि शिलालेखात

मज्झिमनिकायातील घटिकार सुत्तात एका कुंभाराची कथा आहे. घटिकार हा कस्सप बुद्धांचा उपासक. आंधळ्या, वृद्ध आईवडिलांचा सांभाळ करणारा. तो कुदळीने किंवा हाताने जमीन खणत नसे. नदीची दरड आपोआप कोसळली असेल किंवा उंदरांनी माती उकरली असेल, तेवढीच कावडीने आणत असे. भांडी तयार झाली की मांडून ठेवायची. ज्याला हवे त्याने तांदूळ, मूग किंवा हरभरे ठेवावेत आणि भांडे न्यावे.

या घटिकाराचा जिवलग मित्र जोतिपाल हा ब्राह्मण तरुण. घटिकार त्याला बुद्धांकडे चल म्हणतो, तो टाळत राहतो. शेवटी न्हालेल्या जोतिपालाचे केस धरून घटिकार त्याला ओढतो. जोतिपाल थक्क होतो, कारण जन्माने खालचा समजला जाणारा माणूस आपल्या डोक्याला हात लावतो आहे. मग त्याच्या मनात येते, ज्या गोष्टीसाठी हा एवढे धाडस करतो ती गोष्ट लहान नसणार. तो जातो, ऐकतो आणि प्रव्रज्या घेतो. कथेनुसार हा जोतिपाल म्हणजेच पुढे गौतम बुद्ध झालेले बोधिसत्त्व. वाट दाखवणारा कुंभार आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

विनयात दुसऱ्या एका कुंभारपुत्राचीही कथा आहे. भिक्खू धनिय याने संपूर्ण कुटी मातीची बांधली आणि भांड्यासारखी भाजून काढली. लालसर, देखणी, ठोकली तर खणखणणारी. बुद्धांनी ती मोडायला लावली, कारण ती भाजताना किती जीव गेले असतील याचा विचार धनियने केला नव्हता. सुंदर वस्तू घडली एवढ्याने घडवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, असा या कथेचा अर्थ आम्ही घेतो.

आता ग्रंथातून आपल्या परिसरात येऊ. आसनगावहून कसारा घाट चढून पुढे गेले की नाशिक. तिथल्या त्रिरश्मी लेण्यांत, दहाव्या लेण्यात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या राज्यवर्षातला शिलालेख आहे. काळ इसवी सनाचे तिसरे शतक. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने त्रिरश्मी विहारात राहणाऱ्या भिक्खूसंघातील आजाऱ्यांच्या औषधासाठी रक्कम कायमची ठेव म्हणून ठेवली. ती तिने वेगवेगळ्या व्यावसायिकांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यात कुलरिकांची श्रेणी आहे, म्हणजे बहुधा कुंभारांची, असे अभ्यासक सांगतात. तिच्याकडे एक हजार कार्षापण ठेवले होते. तेल गाळणाऱ्यांचीही श्रेणी त्या यादीत आहे. ठेवीच्या व्याजातून भिक्खूंची औषधे येत होती.

म्हणजे सतराशे वर्षांपूर्वी आपल्या भागात भांडी घडवणाऱ्यांची संघटना एवढी भक्कम होती, की एक श्रीमंत स्त्री आपले पैसे तिच्याकडे विश्वासाने कायमचे ठेवत होती.

जपानने काय केले

सोळाव्या शतकात जपानमध्ये सेन नो रिक्यू (१५२२ ते १५९१) या चहागुरूंनी चहापानाच्या विधीला साधे, शांत रूप दिले. त्यांच्यावर झेन परंपरेचा खोल प्रभाव होता. तोवर श्रीमंतांच्या चहापानात चीनमधून आलेली गुळगुळीत, महागडी भांडी मिरवली जात. रिक्यूंनी क्योतोमधील चोजिरो या कारागिराकडून वाडगे करून घेतले. चोजिरो छपराची कौले घडवणारा. त्याने चाक वापरले नाही. मातीचा गोळा हाताने दाबत, उभारत आणि खरवडत वाडगा केला. रंग काळा किंवा तांबूस, कड किंचित वरखाली, आणि आकार दोन्ही तळहातांत नीट बसेल असा. हीच 'राकू' भांडी. चोजिरोपासून सुरू झालेले राकू घराणे क्योतोमध्ये आजही हेच काम करते.

याच काळात कोरियातल्या गरीब घरांतले साधे वाडगेही जपानी चहागुरूंना मोलाचे वाटू लागले. त्यातला 'किझाएमोन' नावाचा वाडगा आज जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे. मात्र या कौतुकाला काळी बाजू आहे. १५९२ ते १५९८ या काळात हिदेयोशीच्या सैन्याने कोरियावर आक्रमणे केली आणि तिथल्या अनेक कुंभारांना पकडून जपानात नेले. भांड्याचा सन्मान झाला, घडवणाऱ्याचा छळ झाला. हा विरोधाभास आपल्याला अनोळखी नाही.

विसाव्या शतकात यानागी सोएत्सू या विचारवंताने १९२५ च्या सुमारास 'मिंगेई', म्हणजे लोकांची कारागिरी, ही कल्पना मांडली. नाव न लावता रोजच्या वापराच्या वस्तू करणाऱ्या अनाम कारागिराच्या हातात खरे सौंदर्य आहे, असे त्याचे म्हणणे. त्याचे सहकारी हामादा शोजी हे मोठे कुंभार. त्यांनी आपल्या भांड्यांवर सही करणे सोडून दिले होते. इंग्लंडचे बर्नार्ड लीच हेही याच मंडळींतले. भारतातून सरदार गुरचरण सिंग १९१९ च्या सुमारास जपानला जाऊन हे काम शिकले आणि पुढे दिल्लीत त्यांनी मोठे केंद्र उभारले. महाराष्ट्राच्या निर्मला पटवर्धन यांनी लीच यांच्याकडे काम केले आणि कुंभारकामावर इंग्रजीत हातपुस्तक लिहिले. जपानी पद्धत आपल्याकडे आली ती अशा वाटांनी.

आसनगावला हे काम कसे चालते

आधी माती. आमच्याकडची माती सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनली आहे. चिकट माती वाळताना फार आकसते आणि तडकते. म्हणून ती पाण्यात कालवून, गाळून, निवळून घेतो. मग तिच्यात बारीक रेती किंवा भाजलेल्या खापरांचा चुरा मिसळतो. गावचे कुंभार लीद किंवा राख घालतात, त्यामागचे कारणही हेच. माती मोकळी राहावी, पाणी सुटायला वाट मिळावी.

माती कुठून घ्यायची, हा तांत्रिक प्रश्नाहून मोठा प्रश्न आहे. शहापूर, मुरबाड आणि भिवंडी भागांत वीटभट्ट्यांसाठी भातशेतीची वरची कसदार माती काढली जाते. ती पुन्हा तयार व्हायला पिढ्या लागतात. घटिकाराची कथा इथे उपयोगी पडते. आम्ही शेत खणत नाही. तळ्यातला, ओढ्यातला साचलेला गाळ घेतो. भांड्यांना लागणारी माती मुळात थोडी असते, तिच्यासाठी कुणाचे शेत उघडे करण्याची गरज नाही.

माती मळताना तिच्यातली हवा काढावी लागते. मग गोळा तळहातावर घेऊन अंगठ्याने मध्ये दाबत, फिरवत, वाडगा उभा करायचा. दुसरी रीत म्हणजे मातीच्या वळ्या एकावर एक चढवून सांधणे. चाकाचे कौशल्य यायला वर्षे लागतात, पण या दोन रीती लहान मूलही पहिल्या दिवशी सुरू करू शकते. वाडगा अर्धवट वाळून चामड्यासारखा घट्ट झाला की बूड खरवडायचे आणि हवे तर गुळगुळीत गोट्याने घासून चकाकी आणायची.

वाळवणे सावलीत. पावसाळ्यात हवेत एवढी ओल असते की वाळायला कितीतरी जास्त दिवस लागतात. घाई केली तर भांडे भट्टीत फुटते, कारण आत राहिलेल्या पाण्याची वाफ होते. पहिली भाजणी ९०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत. साधारण ५७३ अंशांना मातीतले गारगोटीचे कण एकदम फुगतात, तिथे ताप सावकाश वाढवावा लागतो आणि थंड होतानाही तेवढीच सबुरी लागते.

दुसऱ्या भाजणीत भांड्यावर काचेचा लेप असतो. तो वितळला की लालबुंद भांडे चिमट्याने उचलून भाताच्या तुसात टाकतो आणि वर झाकण दाबतो. तूस पेटते, हवा कोंडते. जिथे लेप नसतो तिथे माती काळी पडते, आणि लेपाला गेलेल्या केसासारख्या भेगांत काजळी शिरून जाळी उमटते. ही रीत जपानची म्हणून सांगितली जाते, पण जपानी राकू घराणे असे तुसात कोंडत नाही. ते रूप १९६० च्या आसपास अमेरिकेत आले.

कोंडून काळे करणे मात्र आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वीपासून आहे. विदर्भातल्या माहूरझरी, नायकुंड यांसारख्या महापाषाणकालीन स्थळांवर आत काळी, बाहेर तांबडी भांडी सापडली आहेत. पुराविदांच्या मते अशी भांडी पालथी घालून भाजली जात. आतल्या भागाला हवा मिळत नसे म्हणून तो काळा होई, बाहेरचा तांबडा राही. जपानकडून शिकायला गेलो आणि आपल्याच जमिनीतली विद्या ओळखीची झाली, असा हा प्रकार आहे.

एक सूचना. अशी तुसात कोंडलेली भांडी सच्छिद्र असतात आणि काही लेपांत शिसे असते. ती दिवा, फूल किंवा शोभेसाठी ठेवावीत. जेवणाचे भांडे घेताना लेप कोणता हे विचारूनच घ्यावे.

पाच सांधे आणि सोन्याची रेघ

फुटलेले भांडे सांधण्याची 'किंत्सुगी' ही जपानी रीत आता आपल्याकडेही बरीच चर्चेत आहे. एका झाडाचा चीक लावून तुकडे जोडतात, तो दमट हवेत हळूहळू घट्ट होतो, आणि शेवटी सांध्यावर सोन्याची पूड भुरभुरतात. तडा लपवत नाहीत, उठून दिसू देतात. समाजमाध्यमांवर ही रीत मनाच्या जखमांचे रूपक म्हणून फिरते. आम्हाला तिच्यात विनयातला तो जुना नियम दिसतो. सांधलेले पात्र टाकायचे नाही. सोने असो वा नसो, मूळ शिकवण वस्तूकडे पाहण्याच्या नजरेची आहे.

उतरंड

आता दुसरा प्रश्न. आपल्या मुलांनी चिखलात हात का घालावा?

मराठीत एकावर एक रचलेल्या मडक्यांना उतरंड म्हणतात. सर्वांत खालचे मडके सगळ्यांचा भार सोसते, सर्वांत वरच्यावर कसलाच भार नसतो. जातीव्यवस्थेसाठी मराठीने हाच शब्द घेतला, तो कुंभाराच्या अंगणातूनच आला. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले, की जात कामे वाटून देत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वेगळे पाडते आणि एकावर एक रचते. आपल्या आजोबा-पणजोबांनी लादलेली कामे सोडली, ती याच उतरंडीतून बाहेर पडण्यासाठी. म्हणून हाताच्या कामाबद्दल आपल्या घरांत जी धास्ती आहे तिची आम्ही थट्टा करत नाही. ती अनुभवातून आली आहे.

पण काम सोडणे आणि कामाला हीन मानणे यांत फरक आहे. जन्माने लादलेले काम गुलामी आहे. तेच काम स्वतः निवडले, शिकून घेतले आणि त्याचा दाम व मान मिळाला तर ती विद्या आहे. कुंभाराच्या पोराला चाक सोडून संगणक शिकता यावा आणि आपल्या पोरीला संगणक सोडून चाक शिकता यावे, दोन्ही सारखेच सहज घडावे.

याच कसोटीवर यानागीच्या 'अनाम कारागिरा'कडे पाहिले पाहिजे. हामादा यांनी सही सोडली, कारण त्यांना नाव होते. जपान सरकारने १९५५ मध्ये त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा सन्मान दिला होता. आपल्याकडच्या कुंभाराने सही सोडलेली नाही, ती कधी मागितलीच गेली नाही. अनामिकता त्याने निवडली नव्हती. म्हणून आमच्याकडे घडलेल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला घडवणाऱ्याचे नाव कोरले जाते, मग ते पहिल्याच महिन्यातले वाकडे भांडे का असेना.

दामाचेही तसेच. शहरातल्या दालनात हाताने घडवलेला कप 'कला' म्हणून विकला जातो. त्याच हाताने घडलेले मडके रस्त्याकडेला घासाघीस करून घेतले जाते. माती तीच, आग तीच. फरक घडवणाऱ्याच्या ओळखीचा आहे. कलेच्या नावाने वरची जागा आपण पटकवायची आणि गावच्या कुंभाराला खालीच ठेवायचे, असे झाले तर आपणही उतरंडच रचली. म्हणून भट्टीचे आणि मातीचे ज्ञान ज्या गावकुंभारांकडून मिळते त्यांना शिक्षकाचे मानधन द्यायला हवे.

आणि आसनगावच्या परिसरात मातीबद्दल बोलताना वीटभट्टीवरच्या माणसांना वगळता येत नाही. दिवाळीनंतर कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे उचल घेऊन भट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. उचल फेडता फेडता हंगाम संपतो, मुलांची शाळा सुटते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा आहे. मातीला सर्वांत जास्त हात लावणारी ही माणसे आहेत आणि मातीतून सर्वांत कमी त्यांनाच मिळते. धनियची कुटी मोडली गेली, त्यामागचा प्रश्न इथेही तोच आहे. देखणी वस्तू घडताना कोण भाजले गेले?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यांत कुंभारकामही आहे. हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षण आणि कमी व्याजाचे कर्ज मिळते. गरजू कारागिरांनी तिचा लाभ जरूर घ्यावा. मात्र योजनेची भाषा कुटुंबाकडून आलेल्या पारंपरिक व्यवसायाची आहे. ती जातीच्या धंद्यालाच बळकटी देईल, असा आक्षेप घेऊन तमिळनाडू सरकारने २०२४ मध्ये ती आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला. आमची मागणी साधी आहे. शिकण्याची इच्छा हीच पात्रता असावी, आडनाव नव्हे.

आपण काय करू शकतो

घरात, विहारात प्लास्टरच्या आणि कारखान्यातल्या साच्यांच्या बुद्धमूर्ती भरपूर आल्या आहेत. त्यांच्या जोडीला वंदनेसाठी एक मातीचा दिवा, फुलांसाठी एक मातीचे पात्र असू द्या. जमल्यास स्वतः घडवा, नाहीतर जवळच्या कुंभाराकडून त्याचे नाव विचारून, सांगितलेल्या दामाला घ्या. वर्षावासात विहारात मुलांसाठी चार रविवार मातीकामाचे ठेवा आणि शिकवायला गावच्या कुंभाराला मानाने बोलवा. नाशिकला लेणी पाहायला गेलात तर दहाव्या लेण्यातला तो शिलालेख मुलांना दाखवा आणि कुंभारांच्या श्रेणीची गोष्ट सांगा. मडके फुटले तर त्याची खापरे फेकू नका. कुटून चुरा करा, नव्या मातीला तोच बळ देतो.